दीड एकर लॉनसाठी जुना गार्डन ट्रॅक्टर: व्हील हॉर्स, कब कॅडेट की जॉन डिअर ३१८?

दीड_एकर (पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी आम्ही लीहाय व्हॅलीत घर घेतलं, प्लॉट दीड एकराचा आहे, घर ड्राइव्हवे वगैरे सोडलं तर सव्वा एकर तरी निव्वळ गवत. पहिला सीझन एका माणसाला पैसे देऊन कापून घेतलं पण आता स्वतः करायचंय. दुकानात जाऊन नवीन रायडिंग मोवर बघितले, पातळ पत्रा, प्लास्टिकचं हूड, मागची चाकं एवढीशी, मन काही धजेना. मग शेजारच्या आजोबांकडे त्यांचा सत्तरच्या दशकातला ट्रॅक्टर बघितला, ते अजून दर शनिवारी त्याच्यावरच गवत कापतात, आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय.

आसपास तीन जाहिराती आहेत आणि तिन्ही चालू स्थितीत आहेत असं विकणारे म्हणतायत:

व्हील हॉर्स सी-१२०, ८ स्पीड गिअरवाला, ४२ इंची डेक (खालचं पात्यांचं आवरण), ७०० डॉलर.
कब कॅडेट १४५०, हायड्रो (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा), ४४ इंची डेक, ६०० डॉलर.
जॉन डिअर ३१८, ओनान इंजिन, पॉवर स्टिअरिंग, ५० इंची डेक, १९०० डॉलर.

मागच्या बाजूला थोडा उतार आहे आणि सात-आठ मोठी मेपलची झाडं. सांगलीला घरी ट्रॅक्टर होता, वडिलांच्या हाताखाली पाने धरायला शिकलोय त्यामुळे हात काळे करायची भीती नाही, पण हवेवर थंड होणारं छोटं पेट्रोल इंजिन कधी खोललेलं नाही. यातला कुठला घेऊ, आणि बघायला गेलो की नेमकं काय काय तपासू? मला शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये, एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला गवत कापायचंय.

---

जुनं_लोखंड (ओहायो)

वा, विचारलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडे व्हील हॉर्स आणि कब कॅडेट दोन्ही आहेत आणि दोन्हींवर मी खरंच गवत कापतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शेजारच्या आजोबांचा का टिकला ते समजून घ्या. तुम्ही दुकानात बघितलेत ते बहुतेक लॉन ट्रॅक्टर, आणि हे तिन्ही गार्डन ट्रॅक्टर, ही जातच वेगळी. नांगर, टिलर, स्नो ब्लोअर असली अवजारं ओढायला बांधलेले, जाड फ्रेम, ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स किंवा रिअर एंड, मागे १२ इंची रिम. लॉन ट्रॅक्टरला मागे साधारण ८ इंची रिम असते आणि ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र) हलकं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने पहिला कब कॅडेट १९६१ मध्ये काढला, जॉन डिअरचा ११० आला १९६३ मध्ये, आणि व्हील हॉर्सवाले साउथ बेंड, इंडियानामध्ये त्याच्याही आधीपासून, १९४६ पासून बनवत होते. त्या काळी अमेरिकेत शहराबाहेर मोठमोठ्या प्लॉटवर घरं होत होती आणि शेतीचे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी तीच अक्कल छोट्या आकारात वापरली.

आता निवड. माझं स्पष्ट मत आहे की गवत कापायला ट्रॅक्टर घेताय तर आधी डेक बघा मग ट्रॅक्टर. लोक हूड उघडतात, इंजिन ऐकतात, आणि डेककडे वाकूनसुद्धा बघत नाहीत. इंजिनाचे पार्ट अजून मिळतात हो, पण त्याच मॉडेलला बसणारा न सडलेला डेक मिळवणं फार जिकिरीचं, आणि मिळाला तर निम्म्या ट्रॅक्टरची किंमत मागतात. तेव्हा जाताना टॉर्च आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. डेकच्या खाली वाळलेलं गवत चिकटलेलं असेल ते खरवडा आणि पत्र्याला टोचून बघा, खास करून स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) जिथे बोल्ट होतात तिथे आणि मागच्या कडेला. टोक आत गेलं तर तो भाग वेल्डिंगने पॅच करावा लागणार. नंतर बेल्ट ढिला करून प्रत्येक ब्लेड हाताने (ग्लोव्ह घालून, प्लगची वायर काढून) फिरवा आणि वरखाली हलवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, ते काही विशेष महाग नाही. पण स्पिंडलचं हाउसिंगच क्रॅक असेल तर भाव करा.

५० इंची डेकचा मोह सोडा असं मी सांगेन. हिशोब बघा, ४२ इंच म्हणजे साडेतीन फूट, ताशी ३ मैलांनी चाललात तर ओव्हरलॅप आणि वळणं धरून तासाला एक एकर होतं. म्हणजे तुमचं सव्वा तासात. ५० इंचीने त्यातली दहा-पंधरा मिनिटं वाचतील, पण सात-आठ मेपल म्हणताय, त्यांच्या मुळांच्या उंचवट्यावर रुंद डेक गवत मुळासकट सोलून काढतो, आणि झाडाभोवती फिरताना परत मागे घ्या पुढे घ्या.

तिघांची प्रत्येकाची दुखणी:

सी-१२० मध्ये कोहलरचं के३०१ इंजिन, १२ हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, ओतीव लोखंड. व्हील हॉर्सच्या या नंबरात हॉर्सपॉवर लपलेली असते, सी-१६० म्हणजे १६, तसं. ८ स्पीड म्हणजे सहा पुढे दोन मागे. गिअरबॉक्स जवळजवळ अमर आहे, एकच शत्रू, पाणी. गिअरच्या दांड्याखालचं रबरी बूट फाटलं की पावसाचं पाणी सरळ आत. डिपस्टिक काढून बघा, तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. दुसरं, मागची चाकं जमिनीवरून उचलून हलवा. हबचे स्क्रू ढिले राहून आतली की (हब अ‍ॅक्सलला अडकवणारी पट्टी) झिजलेली असते आणि चाक डुगडुगतं, तसंच चालवत राहिलं तर अ‍ॅक्सलची खाच खराब होते.

कब कॅडेट १४५० हे क्वाएट लाइन या मालिकेतलं, १९७४ पासूनचं. के३२१ इंजिन, १४ हॉर्सपॉवर. थरथर कमी व्हावी म्हणून यात इंजिन रबराच्या माउंटवर बसवलंय, कल्पना चांगली पण ते रबर आता पन्नास वर्षांचं झालं. रबर बसलं की इंजिन खाली झुकतं आणि ड्राइव्हशाफ्ट सरळ रेषेत राहत नाही, मग ते सगळं घासत सुटतं. बाजूची पॅनल काढून इंजिन हाताने हलवून बघा. माउंट मिळतात, पण काम खटपटीचं आहे.

३१८ तिघांत सगळ्यात आरामशीर, यात वादच नाही. १९८३ ते १९९२ बनत होता, १८ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं ओनान, आवाज गोड, स्टिअरिंग एका बोटावर. पण ओनानचे बरेच पार्ट आता बनत नाहीत आणि जे शिल्लक आहेत त्यांच्या किमती ऐकून माणूस बसतो. ही इंजिनं गरम होऊन मरतात. पत्र्याच्या आवरणाखाली फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये) गवत आणि उंदरांची घरटी साठतात, वरून काही दिसत नाही. विकणाऱ्याला विचारा की शेवटचं ते आवरण कधी काढलं होतं, आणि उत्तर देताना तो अडखळला तर १९०० देऊ नका.

तिघांनाही एक टेस्ट सारखीच, जाण्याआधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू व्हायला हवं. मग वीस मिनिटं डेक चालू ठेवून खरंच गवत कापा, बंद करा, आणि गरम असताना लगेच परत चालू करा. निळा धूर, दम खाणं, गरमवर चालू न होणं, सगळं या अर्ध्या तासात बाहेर येतं.

तुमच्या जागी मी सी-१२० घेईन. डेक चांगला असला तर.

---

मिशिगनची_वर्षा

वरचं सगळं पटलं पण गिअरवाल्याबद्दल मला वेगळं म्हणायचंय. व्हील हॉर्सच्या ८ स्पीडला चालत्या गाडीत गिअर बदलता येत नाही, क्लच दाबून पूर्ण थांबायचं मग बदलायचा. मोकळं शेत असेल तर एकदा गिअर टाकला की संपलं, पण झाडं जास्त असली की पुढे मागे पुढे मागे करून पाय दुखतो. आमच्याकडे सफरचंदाची झाडं आहेत, आम्ही मुद्दाम हायड्रो घेतला आणि मला तो निर्णय अजून बरोबर वाटतो. हायड्रो बघताना तेल नीट गरम झालं की मग चढावर चालवून बघा, थंड असताना सगळेच पळतात. गरमवर चढावर कण्हत थांबला तर पंप थकलाय. आणि कब कॅडेटच्या हायड्रोमध्ये हाय-ट्रॅनच (त्यांचं खास तेल) घालायचं, दुकानात जे स्वस्त हायड्रॉलिक ऑइल दिसेल ते ओतायचं नाही.

आता खरं मला ज्यासाठी लिहायचंय ते. उतार आहे म्हणालात. तो किती आहे ते मोजा, फोनमध्येच लेव्हल असते. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांच्या वर रायडिंग मोवर नेऊ नका असं असतं, आणि गवत ओलं असेल तर त्याहून कमीवरसुद्धा चाकं घसरतात. उतारावर वर-खाली कापायचं, आडवं नाही, आणि उतारावर थांबायचं वळायचं शक्यतो टाळायचं. या जुन्या मशीनला डोक्यावर रोलबार नसतो, अंगावर आलं तर वाचवायला काही नाही.

आणि या वयाच्या कित्येक ट्रॅक्टरना सीटखाली स्विच नसतो, किंवा असलेला कुणीतरी कधीच वायर जोडून बाद केलेला असतो. म्हणजे तुम्ही खाली पडलात तरी ब्लेड फिरतच राहतं. सीट स्विच नंतर बसवता येतो, इग्निशन आणि पीटीओ (इंजिनची ताकद पात्याला देणारा जोड) यांच्या मध्ये, शंभर डॉलरच्या आत होतं. पेंट आणि स्टिकर्सच्या आधी हे करा, प्लीज.

शेवटचं, लहान मुलं असतील तर मांडीवर बसवून एक चक्कर मारायची नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरवर पोरं बसवायची सवय असते, मडगार्डवर दोन, बॉनेटवर एक. शेतातल्या ट्रॅक्टरवरही ते धोक्याचंच, पण इथे तर पायाखाली फिरतं पातं आहे. पोराला एकदा चक्कर मारली की पुढच्या वेळी आवाज ऐकून ते पळत येतं आणि तुम्ही रिव्हर्समध्ये असता. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालच्यांनी रायडिंग मोवर चालवूच नये म्हणते. आमच्याकडे नियम आहे, ट्रॅक्टर शेडबाहेर निघाला की मुलं घरात आणि दार बंद.

---

कोल्हापुरी_पाना

मी अमेरिकेत नाही, कोल्हापूरला वर्कशॉप आहे, जुन्या बुलेट आणि पंपाची इंजिनं करतो. भाऊ बफेलोला असतो, त्याच्या के-सिरीज कोहलरचं व्हिडिओ कॉलवर बघून बघून मी मॅन्युअल पाठ केलंय. तुमच्यासारख्या माणसाला हे इंजिन घाबरायचं नाही एवढं सांगतो.

इग्निशन म्हणजे आपलं प्लॅटिनमच. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर, १२ व्होल्टची कॉइल, बॅटरी. बऱ्याच छोट्या इंजिनात पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली असतात आणि फ्लायव्हील उपटावं लागतं, कोहलरवाल्यांनी ते ब्लॉकच्या बाजूला छोट्या झाकणाखाली दिलेत, दोन स्क्रू काढले की समोर. गॅप ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर. गॅप लावला की टायमिंगही त्याच्यासोबत ठरतं. अचूक लावायचं असेल तर फ्लायव्हीलवर स्पार्कची खूण असते, ती भोकासमोर आणून पॉइंट नेमके तिथे उघडायला लागले पाहिजेत, टेस्ट लॅम्प लावून बघायचं. प्लगचा गॅप ०.०३५. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून भागवू नका, नवा सेट आणि नवा कंडेन्सर टाका, आणि जुना चांगला निघाला तर टूलबॉक्समध्ये जपून ठेवा.

चालू होत नाही म्हणून लोक आधी कार्बोरेटर खोलतात. माझ्या अनुभवात आधी अर्थिंग बघावी. पन्नास वर्षांचा गंज आणि त्यावर कुणीतरी मारलेला रंग, इंजिन ते फ्रेम करंट जाणार कसा? बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथे बोल्ट होते ती जागा लखलखीत करा, इंजिनपासून फ्रेमला एक वेगळी जाड केबल द्या. निम्मे आजार तिथेच जातात.

कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कमी आला म्हणून इंजिन मेलं असं ठरवू नका. यात स्टार्टला हलकं जावं म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारी यंत्रणा आहे, त्यामुळे गेज कमीच दाखवतं. लीकडाउन टेस्ट करा (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून), हवा कुठून पळते ते कानाने कळतं, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंगा. साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, हेड काढणं म्हणजे बोल्ट काढून झाकण उचलणं. कार्बन खरवडा, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट बघा. के३०१ ला थंड असताना इनटेक ०.००८ ते ०.०१० आणि एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०२० इंच. हेडचे बोल्ट परत लावताना मात्र टॉर्क पाना पाहिजेच आणि मॅन्युअलमधल्या क्रमानेच.

तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं ना, त्याने जुना रबरी पाइप आतून सुटून कार्बोरेटरमध्ये बारीक कचरा येतो. पाइप आणि फिल्टर पहिल्याच दिवशी नवीन टाका. तेल एसएई ३० साधं.

---

विस्कॉन्सिन_वारा

तिघांच्या यादीत नसलेलं एक नाव सुचवतो, सिम्प्लिसिटी. निव्वळ कटसाठी विचाराल तर त्यांच्या डेकला मागे पूर्ण रुंदीचे रोलर असतात, डेक जमिनीवर तरंगत चालतो, गवतावर फुटबॉलच्या मैदानासारखे पट्टे येतात. ते आमच्या पोर्ट वॉशिंग्टनचेच. काही अ‍ॅलिस-चाल्मर्सच्या नावानेही सापडतात, मशीन तेच. त्यांचा लॅन्डलॉर्ड किंवा अ‍ॅलिस बी-१० दिसला तर डेक बघूनच पुढे जा. अगदी अवजड कामाला नाही पण गवताला याच्या तोडीचं मी काही चालवलेलं नाही.

---

दीड_एकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवार-रविवारी तिन्ही बघून आलो.

३१८ वाल्याने आधीच गरम करून ठेवला होता. आवरण कधी काढलं होतं विचारल्यावर म्हणाला काढायची गरज काय. थंड होईस्तोवर थांबतो म्हटलं तर त्याला कुठेतरी जायचं होतं. आलो परत.

कब कॅडेटचं इंजिन हाताने हलवलं तर चांगलं दोन बोटं हललं, आणि डेकला मागच्या कडेला स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. माणूस फार चांगला होता, स्वतःच म्हणाला की हा पार्टसाठी घ्या, कापायला नको.

सी-१२० थंड असताना दुसऱ्या झटक्याला चालू झाला. पॉइंटचं झाकण उघडून बघितलं, पॉइंट नवे आहेत. डेकखाली टोचटोच टोचलं, पत्रा घट्ट, एका स्पिंडलला खरखर आहे. मागची दोन्ही चाकं घट्ट. पण गिअर ऑइल तुम्ही म्हणालात तसंच पांढुरकं, बूट फाटलेलं. ते दाखवल्यावर ७०० चे ५२५ झाले आणि ट्रॅक्टर आता माझ्या गराजमध्ये आहे! वर्षाताई, उतार मोजला, सगळ्यात जास्त आहे तिथे ११ अंश. सीट स्विच ऑर्डर केलाय, आणि मुलीला सांगितलंय की बघायचं ते खिडकीतून.

आता दोन प्रश्न. गिअरबॉक्स धुवायचा कसा, खोलावा लागेल का? आणि हूडचा लाल रंग पार फिका पडलाय, एका बाजूला गंजाचे डाग आहेत. आत्ताच सगळं खोललंय तर रंगही करून टाकू का?

---

जुनं_लोखंड (ओहायो)

अभिनंदन! ५२५ मध्ये घट्ट डेकवाला सी-१२० म्हणजे उत्तम सौदा.

गिअरबॉक्स खोलू नका. खालचा प्लग काढून रात्रभर निथळू द्या, पाणी जड असतं ते आधी येतं. मग प्लग लावून डिझेल भरा, ट्रॅक्टरच्या मागे भक्कम स्टँड लावून दोन्ही चाकं अधांतरी करा, पुढच्या चाकांना लाकडं लावा, आणि इंजिन कमी आरपीएमवर ठेवून सगळ्या गिअरमधून पाच-दहा मिनिटं हळू फिरवा. काढा, बघा, परत करा. डिझेल स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी दोन दिवस उघडं ठेवून पूर्ण निथळलं की ९० नंबरचं गिअर ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत, आणि नवीन बूट. आठ-दहा तास चालवल्यावर ते तेलही एकदा बदला कारण कोपऱ्यातलं पाणी तेव्हा बाहेर येतं. पहिल्या निचऱ्यात प्लगला धातूचे चकचकीत तुकडे लागले तर मात्र इथे फोटो टाका.

रंगाचं म्हणाल तर या सीझनला हात लावू नका. आत्ता मे सुरू होतोय, गवत आठवड्याला चार-पाच इंच वाढतंय, आणि खोललेले ट्रॅक्टर रंगाच्या नादात वर्षानुवर्षं खोक्यात पडलेले मी फार बघितलेत. हूड साबणाने धुवा, रबिंग कंपाउंड मारा, मेण लावा. हा मूळ रंग आहे, खाली बराच लाल शिल्लक निघेल. गंजाचे डाग थांबवायचे असतील तर तेवढ्यापुरतं प्रायमर. पुढच्या हिवाळ्यात खरंच रंगवायचा झाला तर लहान पार्टचा गंज काढायला वॉशिंग सोडा आणि बॅटरी चार्जरची इलेक्ट्रोलिसिसची पद्धत उत्तम आहे, फक्त त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरायचा नाही, विषारी क्रोमियम तयार होतं. साधं लोखंड वापरा आणि उघड्यावर करा. जुना रंग सुका घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

पैसे आत्ता खर्च करायचेच तर त्या खरखरणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग, नवीन ब्लेड आणि डेकचा बेल्ट. ब्लेड धार लावून मधल्या भोकात खिळ्यावर टांगून तोल बघा, एक बाजू झुकली तर त्या बाजूचं थोडं अजून घासा. डेक लावल्यावर सपाट फरशीवर चाकात हवा सारखी करून मापा, पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंचाच्या आसपास खाली असावं. उंची तीन इंच किंवा वर ठेवा, तुमच्याकडच्या फेस्क्यू-ब्लूग्रास जातीच्या गवताला त्याखाली उन्हाळा झेपत नाही.

---

दीड_एकर

रात्री निथळायला ठेवलं होतं, पाऊण कप तरी निव्वळ पाणी आलं आधी, मग तेल. प्लगला बारीक राखाडी पेस्ट आहे, तुकडे नाहीत. डिझेल उद्या. बेल्टवरचा नंबर पुसलाय, कुठला मागवू?

---

जुनं_लोखंड (ओहायो)

बारीक पेस्ट म्हणजे नेहमीची झीज, काळजी नको. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोने घेतली, त्यामुळे जुन्या मॉडेलची मॅन्युअलं टोरोच्या साइटवर फुकट आहेत. सीटखाली किंवा डॅशच्या जवळ मॉडेल नंबरचं स्टिकर असेल, आणि डेकला त्याचा वेगळा नंबर असतो, बेल्ट डेकच्या नंबरने शोधायचा. हार्डवेअरच्या दुकानातला फक्त लांबी जुळणारा साधा व्ही-बेल्ट घेऊ नका, इथे बेल्ट पुढच्या म्यूल ड्राइव्हवर (बेल्टची दिशा वळवणाऱ्या पुलींवर) वळसा घेतो आणि मागच्या बाजूनेही पुलीवर चालतो, साधा बेल्ट महिन्याभरात सुटतो. केव्हलारचा धागा असलेला घ्या.

---

मिशिगनची_वर्षा

आणि बेल्ट चढवताना प्लगची वायर काढलेली असू दे. डेकखाली हात घालायच्या आधी प्रत्येक वेळी.